मनपाच्या शाळेबद्दल कुणाचं ऐकायचं?

पत्र :
आम्ही वारज्यात राहतो. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. नवरा शिवण्याला वर्कशॉपमध्ये आहे, मी मेडिकलच्या दुकानात. दोघांचे मिळून महिन्याला ३६ हजार येतात. घरापासून चालत सात मिनिटांवर मनपाची मराठी शाळा आहे. दुसरी इंग्रजी माध्यमाची, वर्षाला ६८ हजार फी आणि बसचे २० हजार वेगळे. माझा कल जवळच्या शाळेकडे आहे. पण बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं आणि दोन दिवसांत चाळीसेक मेसेज आले. ‘तिथे शिव्या शिकेल’, ‘शिक्षक नुसते मोबाइल बघतात’, ‘मुलं खिचडीसाठी येतात’. जाऊबाई म्हणाल्या, ‘पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.’ सासूबाई काहीच बोलत नाहीत. खाली भाजी विकणाऱ्या मावशींची नात त्याच शाळेत चौथीत आहे. त्या म्हणतात, ‘बाई जीव लावून शिकवतात.’ ग्रुपवरच्या एकीचंही मूल तिथे नाही, हे मला कळतं. पण चाळीस जणी एकदम चुकीच्या कशा असतील?
— एक आई, वारजे

उत्तर :

ताई,

चाळीस मेसेज आले म्हणजे चाळीस अनुभव आले असं नाही. शाळेच्या फाटकाच्या आत कधी न गेलेल्या बायकांनी एकमेकींचं ऐकून ते लिहिलेत. त्या खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, त्यांना तुमच्या मुलीची काळजीच असेल. पण तुम्हाला जे हवंय ते त्यांच्याकडे नाही. ते मावशींकडे आहे, आणि मावशी त्या ग्रुपवर नाहीत.

मी पेठेतल्या एका अनुदानित शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस मनपाच्या एका शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते तुमच्या जवळच्या शाळेला जसंच्या तसं लागू होईल असं मात्र धरू नका. एकाच वॉर्डातल्या दोन शाळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकाच इमारतीत सकाळी भरणारी शाळा आणि दुपारी भरणारी शाळा यांच्यातही असतो.

आधी त्या तीन वाक्यांकडे येते.

‘तिथे शिव्या शिकेल.’ या वाक्यात शाळेबद्दल एक अक्षर नाही. शाळेत कुणाची मुलं येतात, त्याबद्दलचं हे वाक्य आहे. तुमच्या बिल्डिंगचे जिने पुसणाऱ्या ताईंची, वॉचमनची, रिक्षावाल्यांची, बांधकामावरच्या गवंड्यांची मुलं तिथे येतात. त्यांच्या शेजारी आपलं मूल बसू नये, हे स्पष्ट बोलायला जीभ रेटत नाही म्हणून शिव्यांचं नाव पुढे केलं जातं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहायलाच हवं. शिव्या मुलं सगळीकडे ऐकतात. बसमध्ये ऐकतात, क्रिकेट खेळताना ऐकतात, मोठ्या फीच्या शाळेतही ऐकतात. शिवी दिल्यावर बाई काय करतात, एवढाच प्रश्न शाळेला विचारण्यासारखा आहे.

‘खिचडीसाठी येतात.’ येत असतील. भुकेल्या मुलाला जेवण मिळावं यासाठीच तर ही योजना आहे. शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. मुलांच्या ताटात जाण्याआधी शिक्षकांनी ते चाखून पाहायचं असतं. तुम्ही जाल त्या दिवशी चव मागून बघा. मी पुष्कळदा खाल्लंय. मटकीची उसळ असते त्या दिवशी मुलं दुसऱ्यांदा मागतात, आणि खिचडी पातळ झाली की सेविका स्वतःच कुरकुर करतात. तुमची मुलगी तुम्ही दिलेला डबा खाईल नाहीतर पंगतीत बसून सगळ्यांबरोबर जेवेल, त्यात काही बिघडत नाही.

‘मोबाइल बघतात.’ यात तथ्य असू शकतं. आजकाल शिक्षकांना हजेरी, आहाराची माहिती, प्रशिक्षणाचे फोटो, सगळं मोबाइलवरून भरावं लागतं, आणि ते भरताना वर्ग सुटतो. काही जण त्या आडून नुसता बघत बसतात, हेही मी पाहिलंय. कोण काय करतंय ते बाहेरून कळत नाही. वर्गात अर्धा तास बसलात तर बरोबर कळेल.

आता मी जिथे जाते तिथलं सांगते. पहिलीच्या वर्गात कलबुर्गीकडून आलेली एक मुलगी होती. आई-वडील बांधकामावर, घरात कानडी. जून-जुलै ती बोललीच नाही. बाईंनी तिच्या आईकडून दहा-बारा कानडी शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले होते : पाणी, ये, बस, दुखतंय का. रोज त्यातला एखादा वापरायच्या. फरशीवर खडूने मोठा चौकोन काढून आईस्क्रीमच्या काड्या मांडायच्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. दिवाळीच्या आधी ती मुलगी गठ्ठे मोजत होती, ‘एक दशक, दोन दशक’, आणि शेजारच्या मुलाचा गठ्ठा नऊचाच आहे हे तिने त्याच्या हातातून घेऊन दाखवलं. मराठीत, भांडून. त्या वर्गात बसून मला माझी पहिली दहा वर्षांची नोकरी आठवली. पहिली कशी शिकवायची हे मला तेव्हा इतकं येत नव्हतं.

त्याच शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती. मुली एकमेकींच्या रिबिनी बांधून दार धरायच्या. तीन महिने. अर्ज गेले, माणूस बघून गेला, कडी लागली नाही. शेवटी एका मुलीच्या वडिलांनी, सुतारकाम करतात ते, येऊन लावली. आणि तिसरीच्या एका तुकडीच्या बाई मतदार याद्यांच्या कामाला गेल्या तेव्हा ती मुलं कित्येक दिवस शेजारच्या वर्गात दाटीवाटीने बसली, त्यांचं गणित मागे पडलं. कायद्याने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं देता येतात, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? या दोन्ही गोष्टी ग्रुपवर कुणी लिहिल्या नसतील, कारण त्या आत गेल्याशिवाय दिसत नाहीत. पण आई म्हणून तुम्हाला त्याच माहीत असायला हव्यात.

ऐकीव मतावर मूल शाळेत घातल्याचा माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या मुलाला मी शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत घातलं. सगळे ‘मिळाली तर सोडू नका’ म्हणत होते. पहिलीच्या वर्गात अठ्ठावन्न मुलं. नाताळच्या सुट्टीपर्यंत बाईंना त्याचं नाव लक्षात नव्हतं. त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत हे मला तिसरीत कळलं, आणि मी स्वतः शिक्षिका होते. तो पुढे सावरला. पण नावावर गेले आणि वर्ग बघितला नाही, ही टोचणी मला आजही आहे. तुम्ही वर्ग बघा.

कसा बघायचा ते सांगते, आणि सगळ्यात आधी पटाबद्दल बोलते, कारण पालक नेमकं तेच विचारत नाहीत. मुख्याध्यापिकांना विचारा की पहिलीचा पट किती, सगळ्या शाळेचा किती आणि शिक्षक किती. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण आहे. पाचही वर्ग मिळून पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे पट फार कमी असेल तर वर्गात गर्दी नसते हे खरं, पण दोन-तीन इयत्ता एकाच बाईंपुढे बसतात. काही शिक्षक ते सुंदर करतात, पण सगळ्यांना जमत नाही. पट ३० सप्टेंबरला मोजतात, त्यावरून पदं मंजूर होतात. मुलं कमी झाली की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं दुसरीकडे समायोजन होतं. बहुतेकदा जातो तो नुकताच आलेला, उत्साहाचा. ‘तिथे नका घालू’ असं चाळीस जणी म्हणाल्या, त्यातल्या दहा जणींनी ऐकलं, की दोन वर्षांनी त्या शाळेत खरंच शिक्षक कमी असतो. मग मेसेज खरा वाटायला लागतो. माझ्या डोळ्यांदेखत एक चांगली चाललेली शाळा अशी रिकामी झाली, आणि ती रिकामी करणाऱ्यांना आपण काही केलंय हे माहीतसुद्धा नाही.

हे आकडे तुम्हाला घरबसल्याही बघता येतील. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीतला अकरा आकडी क्रमांक असतो, त्याला युडायस क्रमांक म्हणतात, तो ऑफिसात विचारा. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की पट, शिक्षक, स्वच्छतागृहं अशी माहिती दिसते. पण ती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा तिच्यावर विसंबून थांबू नका. स्वच्छतागृह असल्याची नोंद असते, दाराला कडी आहे का याची नसते.

मग दुसरी-तिसरीच्या वर्गात अर्धा तास बसायची परवानगी मागा. चांगल्या मुख्याध्यापिका नाही म्हणत नाहीत. फार तर ‘मधल्या सुट्टीनंतर या’ म्हणतील. भिंतींवरचे तक्ते, ई-लर्निंगचा टीव्ही, रंगवलेला व्हरांडा, हे बघून हुरळून जाऊ नका आणि नसलं तर खट्टूही होऊ नका. तिसरीच्या मागच्या बाकावरच्या मुलाला, पुढच्या नव्हे, बालभारतीचं एक पान वाचायला सांगा. अडखळत वाचेल, चालेल. अक्षराला अक्षर जोडतोय की अर्थ लागतोय, एवढं बघा. ‘निपुण भारत’ या नावाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं करता यावीत असं सरकारनेच २०२१ मध्ये ठरवलंय, म्हणजे तुम्ही काही जास्तीचं मागत नाही. हातचा घेऊन करायची एक वजाबाकी घाला, ५२ मधून २७. किती मुलांची पाटी बरोबर येते ते मोजा. ज्या शाळेत ६८ हजार भरणार तिथेही हेच करून बघा, करू देतील तर.

मी जिथे जाते तिथे तिसरीत एकतीस मुलं आहेत. मागच्या महिन्यात मी वाचून घेतलं तेव्हा चार मुलं अजून सुटे शब्दच वाचत होती, त्यातली दोन मुलं दिवाळीनंतर आलेली. बाईंना चौघांचीही नावं, घर, कारण, सगळं तोंडपाठ होतं. मला ती शाळा चांगली वाटते ती या चार नावांमुळे.

शाळा सुटते तेव्हा फाटकाशी उभ्या राहा. तिसरी-चौथीतल्या मुलांच्या तीन-चार आयांशी बोला. ‘शाळा कशी आहे?’ असं विचारू नका, ‘चांगलीय की’ एवढंच उत्तर मिळेल. मूल दोन दिवस आलं नाही तर बाईंचा फोन येतो का? मागची पालकसभा कधी झाली आणि त्यात काय बोलणं झालं? छडी मिळते का? छडीला कायद्यानेच बंदी आहे, हेही लक्षात ठेवा. मूल स्वतःहून वाचायला कधी लागलं? शाळेतून काढून दुसरीकडे घातलेल्या एखाद्या मुलाची आई भेटली तर तिच्याकडे जास्त वेळ थांबा. आणि मावशींच्या नातीला गोष्टीचं पुस्तक देऊन तुमच्या मुलीला वाचून दाखवायला सांगा. मावशींचं मत चांगलंच आहे, पण नातीचं वाचन त्याहून पक्कं सांगेल.

इंग्रजीची भीती तुमच्या पत्रात उघड नाही, पण जाऊबाईंच्या वाक्यामागे ती असणार. महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. पुष्कळ मराठी शाळांत सेमी इंग्रजीही असतं, म्हणजे गणित इंग्रजीतून. ते आहे का आणि शिकवणाऱ्या बाईंना ते झेपतं का, विचारा. घरात तुम्ही दोघं मराठी बोलता. मूल ज्या भाषेत ‘का?’ विचारतं त्या भाषेत पहिलं वाचायला शिकलं तर वाचन लवकर बसतं, हे मी अठ्ठावीस वर्षं बघितलंय. इंग्रजी शाळेत घातलेल्या माझ्या शेजारच्या मुलाला दुसरीपासूनच शिकवणी लावावी लागली, कारण घरी अभ्यास घेणारं कुणी नव्हतं. तो खर्च फीच्या पत्रकात नसतो.

खर्चाचा हिशेब तुम्ही केलाच असेल, तरी मांडते. तुमचं वर्षाचं उत्पन्न ४ लाख ३२ हजार. फी आणि बस मिळून ८८ हजार, म्हणजे पाचवा हिस्सा, पहिलीतच. पुढे फी वाढते. एक वर्ष कुणाचं आजारपण निघालं की त्या शाळेतून मध्येच काढावं लागतं, आणि ते मुलाला फार लागतं. जाऊबाईंना शांतपणे सांगा की पैसे वाचवायचे म्हणून नाही, मुलीचं शिक्षण दहावीपर्यंत एका दमात व्हावं म्हणून हा विचार करतोय. त्यांना शाळा बघायला बरोबर घेऊन गेलात तर आणखी चांगलं. सासूबाई गप्प आहेत म्हणता, त्या कुठल्या शाळेत शिकल्या ते एकदा विचारा. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणी जिल्हा परिषदेच्या, म्युनिसिपाल्टीच्या शाळांतूनच शिकल्या. कदाचित त्यांना बोलायचं असेल आणि ग्रुपवरच्या बायकांपुढे आपलं कोण ऐकणार असं वाटत असेल.

आणखी दोन दारं आहेत, तीही बघून ठेवा. घराच्या टप्प्यात एखादी जुनी अनुदानित मराठी शाळा असेल तर तिथेही हीच पाहणी करा. आणि खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा आरटीईखाली, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याखाली, सोडतीने भरतात. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख आहे, त्यात तुम्ही बसत नाही. पण जातीच्या दाखल्याने वंचित गटात येत असाल तर उत्पन्नाची अट नाही. अर्जाच्या तारखा दरवर्षी वेगळ्या असतात, लक्ष ठेवा.

शाळेची वेळही विचारा. दोन सत्रांत भरणारी इमारत असेल तर तुमच्या दुकानाच्या वेळेशी ते जमतं का, सुटल्यावर मुलीला आणायला कोण जाईल, हे आधीच ठरवायला हवं. शाळा कितवीपर्यंत आहे आणि त्यापुढे मुलं कुठे जातात, तेही.

माझं मत विचाराल तर असं : पहिलीला पूर्ण वेळ बाई असतील, तिसरीतली बहुतेक मुलं समजून वाचत असतील आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नि कडी असेल, तर मुलीला तिथेच घाला, आणि ग्रुपवर तसं सांगून टाका. यातली पहिली गोष्ट नसेल तर घालू नका, मग इमारत कितीही चकचकीत असो. तिसरी नसेल आणि पहिल्या दोन असतील तर घाला, आणि शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. बहुतेक ठिकाणी सह्या करायला माणसं शोधावी लागतात, इतक्या जागा ओस असतात. तुमच्यासारखी, हिशेब कळणारी आणि विचारायला न घाबरणारी आई तिथे असली तर कडी तीन महिने तुटकी राहत नाही. मावशींच्या सुनेलाही बरोबर घ्या, तिला शाळेतली माणसं ओळखीची आहेत.

हे सगळं एप्रिलच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत करा. नंतर वर्ग भरत नाहीत आणि जूनमध्ये बघायला वेळ उरत नाही. मेडिकलला अर्ध्या दिवसाची सुट्टी काढा, मुलीला बरोबर न्या, तिला वर्गात मागे बसू द्या. बाई तिला नाव विचारतात का, बघा. आणि तिसरीतल्या मागच्या बाकावरच्या त्या मुलाने काय वाचलं, ते मला कळवा.